मोठा भूकंप आणि त्यानंतरचे धक्के: नाशिकमध्ये बसून करता येईल अशा अभ्यासाची रीत

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांच्या सुमारास झाला, हे महाराष्ट्रात कोणालाही सांगावे लागत नाही. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे नुकतीच झोपली होती. मात्र तोच भूकंप तुम्ही अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या (यूएसजीएस) नोंदसूचीत शोधायला गेलात, तर तो २९ सप्टेंबरला, २२ वाजून २५ मिनिटांनी झालेला दिसतो. कोयनेचा भूकंप आपल्याकडे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा, पण शास्त्रीय लेखनात बहुतेक ठिकाणी १० डिसेंबरचा. यात चूक कोणाचीच नाही. जगातील भूकंपांच्या नोंदी जागतिक प्रमाणवेळेत ठेवल्या जातात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे, इतकेच कारण. मोठ्या भूकंपानंतरच्या धक्क्यांचा हा अभ्यास माझ्या विद्यार्थ्यांबरोबर मी पहिल्यांदा केला, तेव्हा मुख्य धक्का भारतीय वेळेत आणि पुढचे धक्के जागतिक वेळेत अशी सरमिसळ होऊन आमचा पहिल्या दिवसाचा संपूर्ण आलेख बिघडला होता. म्हणून ज्यांना हा अभ्यास स्वतः करून पाहायचा आहे, त्यांनी पहिले काम हे करावे: वेळेचा एकच स्तंभ ठेवावा, तो जागतिक वेळेत ठेवावा आणि वहीच्या पहिल्या पानावर तसे लिहून ठेवावे.

या लेखात सांगितलेली पद्धत बारावीपर्यंतचे गणित, एक साधा संगणक आणि इंटरनेट एवढ्यावर चालते. नाशिककरांना तिचे खास कारण आहे. पेठ, सुरगाणा, कळवण या भागांतून मधूनमधून सौम्य धक्क्यांच्या बातम्या येतात, दिंडोरी रस्त्यावरील महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेतील, म्हणजे आपल्या ‘मेरी’तील यंत्रांवर त्यांची नोंद झाल्याचे आपण वाचतो आणि लगेच प्रश्न सुरू होतात: हा मोठ्या धक्क्याचा इशारा आहे का, आणखी किती दिवस चालणार? या प्रश्नांचे प्रामाणिक उत्तर देण्याचा मार्ग मोठ्या, नीट नोंदलेल्या भूकंपांच्या अभ्यासातून जातो.

कोणता भूकंप निवडावा

सरावासाठी किल्लारी निवडू नये, हे मी भावना बाजूला ठेवून सांगतो. १९९३ मध्ये त्या परिसरात भूकंपमापकांचे दाट जाळे नव्हते, त्यामुळे जागतिक नोंदसूचीत त्यानंतरचे मोजकेच धक्के सापडतात. मुख्य धक्क्यानंतर शास्त्रज्ञांनी तात्पुरती यंत्रे बसवली, तेव्हा कुठे लहान धक्के नीट पकडले जाऊ लागले. कोयनाही सुरुवातीला टाळावे. तिथे १९६० च्या दशकाच्या आरंभी जलाशय भरू लागल्यापासून सुरू झालेले धक्के अजून थांबलेले नाहीत आणि जलाशयाच्या पाण्याच्या चढउताराशी त्यांचा संबंध असल्याने ओसरणाऱ्या धक्क्यांचा साधा नियम तिथे सरळ लागू पडत नाही. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून जाणवलेली मालिका तर आणखी वेगळ्या जातीची आहे. तिच्यात एक ठळक मुख्य धक्का आणि त्याची पिलावळ असे चित्र नाही, लहान-मध्यम धक्क्यांचा थवा आहे.

सरावासाठी सर्वांत चांगला भूकंप म्हणजे नेपाळमधील गोरखा भूकंप. २५ एप्रिल २०१५ रोजी, जागतिक वेळेनुसार ६ वाजून ११ मिनिटांनी, ७.८ महत्तेचा (महत्ता म्हणजे भूकंपाच्या आकाराचे माप) मुख्य धक्का बसला आणि जवळपास नऊ हजार माणसे गेली. १२ मे रोजी ७.३ महत्तेचा दुसरा मोठा धक्का बसला. पुढे दिसेल की हा दुसरा धक्काच अभ्यासकाला सर्वांत जास्त शिकवतो.

नोंदसूची उतरवून घेणे

यूएसजीएसच्या संकेतस्थळावर तारीख, अक्षांश-रेखांशाची चौकट आणि किमान महत्ता दिली की नोंदींची फाईल एक्सेलमध्ये उघडेल अशा स्वरूपात उतरवता येते. भारतातील धक्क्यांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची यादी पाहावी. दोन संस्थांच्या याद्या एकमेकींत मिसळू नयेत, कारण एकाच धक्क्याची महत्ता दोन ठिकाणी ०.२ किंवा ०.३ ने वेगळी असू शकते आणि तोच धक्का दोनदा मोजला जाण्याचा धोका असतो.

चौकट किती मोठी घ्यावी, हा पहिला विचारपूर्वक घ्यायचा निर्णय आहे. अपिकेंद्राभोवती वर्तुळ काढण्याचा मोह आवरावा. अपिकेंद्र म्हणजे जिथे फाटणे सुरू झाले त्याच्या वरचा भूपृष्ठावरील बिंदू. तो फाटलेल्या विभंगाचा, म्हणजे खडकातील भेगेचा, मध्य असलाच पाहिजे असे नाही. गोरखा भूकंपात फाटणे पश्चिमेला बारपाकजवळ सुरू झाले आणि पूर्वेकडे सुमारे दीडशे किलोमीटर धावत गेले, काठमांडू त्या वाटेवर होते आणि १२ मेचा धक्का त्या पट्ट्याच्या पूर्व टोकाकडे बसला. अपिकेंद्राभोवती ५० किलोमीटरचे वर्तुळ काढणाऱ्याच्या यादीतून तो धक्का निसटतो. म्हणून आधी सैल चौकट घ्यावी, सर्व बिंदू नकाशावर मांडावेत आणि त्यांचा लांबट पट्टा दिसल्यावर त्याला थोडी मोकळी जागा सोडून अंतिम सीमा ठरवावी.

या पट्ट्यावरून भूकंपाची महत्ताही ताडून पाहता येते. समजा, पट्टा १५० किलोमीटर लांब, ६० किलोमीटर रुंद आणि सरासरी सरकणे अडीच मीटर. खडकाची दृढता ३० गिगापास्कल धरून तिन्हींशी गुणाकार केला की भूकंपीय आघूर्ण, म्हणजे ज्यावरून महत्ता काढतात ते माप, सुमारे ६.७५ गुणिले १० चा २० वा घात न्यूटन-मीटर येते. त्याचा लॉग २०.८३, त्यातून ९.१ वजा करून दोन-तृतीयांशाने गुणले की ७.८ मिळते. घरच्या वहीवर केलेल्या चार ओळींच्या आकडेमोडीतून जगभरातील यंत्रांनी दिलेला आकडा समोर येतो, तेव्हा विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर जे दिसते त्यासाठी हा खटाटोप मला दरवर्षी करावासा वाटतो.

इथेच शब्दांचीही शिस्त लावून घ्यावी. वर्तमानपत्रे ‘रिश्टर स्केलवर तीव्रता’ असे लिहितात. भूकंपाची महत्ता एकच असते आणि ती उगमाशी सुटलेल्या ऊर्जेशी निगडित असते; तीव्रता, म्हणजे एखाद्या ठिकाणी हादरा किती जाणवला ते, मात्र गावागणिक बदलते. महत्ता एकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. नोंदसूचीत महत्तेपुढे तिचा प्रकारही दिलेला असतो: स्थानिक, पिंड-तरंग (पृथ्वीच्या आतून जाणाऱ्या तरंगांवरून काढलेली), आघूर्ण. मोठ्या धक्क्यांना पिंड-तरंग महत्ता कमी लेखते, म्हणून कोणता आकडा कोणत्या प्रकारचा आहे याचा स्वतंत्र स्तंभ ठेवावा.

खोलीच्या स्तंभाकडेही सावधपणे पाहावे. अनेक धक्क्यांची खोली नेमकी १० किलोमीटर दिसली, तर जमिनीत त्या पातळीवर काही विशेष आहे असा निष्कर्ष काढू नये. पुरेशी जवळची यंत्रे नसली की खोली ठरवता येत नाही आणि गणित पुढे जावे म्हणून ती १० वर बांधून ठेवतात. किल्लारीची नोंदही तशीच १० किलोमीटरवर आहे. नंतरच्या अभ्यासांनी ती त्याहून उथळ असल्याचे दाखवले.

जे नोंदले गेले नाही त्याचा हिशेब

माझ्या मते हा या अभ्यासाचा गाभा आहे आणि सर्वांत जास्त दुर्लक्षही इथेच होते. नोंदसूची म्हणजे घडलेले धक्के नव्हेत. यंत्रांना दिसलेले धक्के. प्रत्येक जाळ्याची एक मर्यादा असते, तिच्याखालचे धक्के अर्धवट नोंदले जातात. ती मर्यादा शोधल्याशिवाय पुढचे कोणतेही गणित करू नये.

मर्यादा शोधण्याची साधी रीत अशी. महत्तेचे ०.१ चे कप्पे पाडावेत आणि प्रत्येक कप्प्यात किती धक्के आहेत याचा स्तंभालेख काढावा. मोठ्या महत्तेकडून लहानीकडे येताना स्तंभ उंच होत जातात. बेनो गुटेनबर्ग आणि चार्ल्स रिश्टर यांनी दाखवल्याप्रमाणे महत्ता एकाने कमी झाली की संख्या साधारण दहापट होते. मग एका ठिकाणी स्तंभ अचानक उतरू लागतात. धरणीने लहान धक्के देणे थांबवलेले नसते. यंत्रांची नजर तिथे संपलेली असते. सर्वांत उंच स्तंभाची महत्ता ही त्या मर्यादेची पहिली अटकळ. सावधगिरी म्हणून तीत ०.२ मिळवावेत.

मुख्य धक्क्यानंतरच्या पहिल्या काही तासांत ही मर्यादा फार वर सरकते. मोठ्या भूकंपाचे तरंग बराच वेळ यंत्रावर थरथरत राहतात आणि त्या गदारोळात लहान धक्क्यांच्या रेघा बुडून जातात. भूकंपालेख समोर ठेवून पाहिला तर हे डोळ्यांना दिसते: जाड काळी पट्टी, तिच्या कडेला कुठेतरी एखादे नवे टोक वर आलेले आणि मधले सगळे झाकलेले. त्यामुळे पहिल्या दिवसाचा आकडा जसाच्या तसा घेतला, तर धक्के उशिरा सुरू झाल्याचा भास होतो. यावर उपाय म्हणजे पहिल्या दिवसापुरती किमान महत्ता वाढवणे किंवा ते तास गणितातून वगळून तसे स्पष्ट लिहिणे.

मर्यादा ठरली की संख्या आणि महत्ता यांच्या नात्याचा उतार, म्हणजे बी-मूल्य, काढता येते. केइटी आकी यांनी १९६५ मध्ये दिलेले सूत्र त्यासाठी पुरेसे आहे. मर्यादेवरील सर्व धक्क्यांच्या महत्तेची सरासरी काढावी, तीतून मर्यादा उणे अर्धा कप्पा वजा करावा आणि ०.४३४३ ला त्या फरकाने भागावे. समजा मर्यादा ४.०, कप्पा ०.१ आणि सरासरी ४.४० आहे, तर फरक ४.४० वजा ३.९५, म्हणजे ०.४५, आणि बी-मूल्य ०.९७ येते. त्यातील त्रुटी बी-मूल्याला धक्क्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागून मिळते. शंभर धक्के असतील तर ती सुमारे ०.१. याचा अर्थ ०.९७ आणि १.०५ यांत फरक आहे असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला मिळालेला नसतो.

दगडखाणींचे सुरुंग हा नाशिक परिसरातील नोंदींचा वेगळा प्रश्न. स्थानिक यादी हाती आली, तर दिवसाच्या प्रत्येक तासात किती नोंदी आहेत हे मोजावे. खरे भूकंप घड्याळ पाहून येत नाहीत. कामाच्या वेळेत नोंदी फुगलेल्या दिसल्या तर त्यांत सुरुंग मिसळले आहेत असे समजावे. देवळालीकडे तोफांचा सराव चालू असताना खिडक्यांची तावदाने वाजतात, हेही लोकांच्या सांगण्यावरून नोंद करताना लक्षात ठेवावे.

ओमोरींची रीत: धक्के कसे ओसरतात

२८ ऑक्टोबर १८९१ रोजी जपानमध्ये नोबी येथे मोठा भूकंप झाला. त्यानंतरचे धक्के फुसाकिची ओमोरी यांनी दिवसागणिक मोजले आणि १८९४ मध्ये दाखवून दिले की त्यांची रोजची संख्या काळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. पुढे १९६१ मध्ये तोकुजी उत्सू यांनी त्यात काळाचा घात, म्हणजे पी-मूल्य, घालून नियम अधिक लवचीक केला. पी-मूल्य बहुधा १ च्या आसपास असते. साध्या भाषेत सांगायचे तर पहिल्या दिवसाच्या सुमारास रोज ६० धक्के या वेगाने येत असतील, तर दहाव्या दिवशी सुमारे ६ आणि शंभराव्या दिवसाच्या सुमारास दोन दिवसांत एखादा.

हे पडताळून पाहण्यासाठी मी एक रीत वापरतो, तिला लॉगचा आलेख कागदही लागत नाही. मुख्य धक्क्यापासूनचा काळ दुपटीने वाढणाऱ्या खिडक्यांत वाटावा: पहिला ते दुसरा दिवस, दुसरा ते चौथा, चौथा ते आठवा, आठवा ते सोळावा, सोळावा ते बत्तिसावा. प्रत्येक खिडकीतील धक्के फक्त मोजावेत. पी-मूल्य नेमके १ असेल, तर प्रत्येक खिडकीत सारखेच धक्के पडायला हवेत. वरच्या उदाहरणात ते प्रत्येकी सुमारे ४२ येतील. संख्या खिडकीगणिक घटत गेली तर पी-मूल्य १ पेक्षा जास्त, वाढत गेली तर कमी किंवा मध्येच काहीतरी नवे घडले.

गोरखाच्या यादीत हे नवे नेमके कुठे दिसेल, ते आधीच सांगता येते. १२ मे म्हणजे मुख्य धक्क्यानंतरचा सतरावा दिवस उलटतानाची वेळ. सोळा ते बत्तीस या खिडकीत संख्या उसळते, कारण ७.३ चा धक्का स्वतःचे धक्के घेऊन आला. आलेखातील ही उसळी ‘चूक’ म्हणून खोडू नये. १२ मेपासून दुसरे घड्याळ सुरू करावे, त्याच्या आधीचा आणि नंतरचा उतार वेगवेगळा मोजावा. प्रत्येक धक्का, लहान असो वा मोठा, आपल्या मागे काही धक्के आणू शकतो, या कल्पनेवर योशिहिको ओगाता यांनी १९८८ मध्ये एक संपूर्ण गणिती प्रारूप बांधले. आज मोठ्या भूकंपानंतर शक्यतांचे अंदाज वर्तवण्यासाठी त्याच कुळातील प्रारूपे वापरतात.

याच नियमाचा एक परिणाम लोकांना समजावून सांगणे मला फार निकडीचे वाटते. पी-मूल्य १ असताना पहिल्या ते दहाव्या दिवसांत जितके धक्के येतात, तितकेच दहाव्या ते शंभराव्या दिवसांत येतात. वेग मंदावतो, पण साठा संपत नाही. ‘आठ दिवस झाले, आता काही नाही’ असे म्हणून तडा गेलेल्या भिंतीच्या आत झोपायला जाणे म्हणजे या गणिताकडे पाठ फिरवणे होय. आणि मोठ्या महत्तेचा धक्का नेमका पहिल्याच दिवशी येईल असा कोणताही करार नाही. गोरखात तो सतरा दिवसांनी आला.

मुख्य धक्का आणि त्यानंतरचा सर्वांत मोठा धक्का यांत सरासरी १.२ चा फरक असतो, हा भूकंपशास्त्रज्ञ बोथ यांचा नियम. गोरखात फरक केवळ ०.५ होता. म्हणजे हा नियम अनेक भूकंपांच्या सरासरीचा आहे, एका भूकंपाबद्दल वचन देणारा नाही. तसेच ‘पूर्वधक्का’ हे नाव नेहमी मागाहूनच ठेवले जाते. ९ मार्च २०११ रोजी जपानच्या तोहोकू किनाऱ्याजवळ ७ हून अधिक महत्तेचा धक्का बसला, तेव्हा तो स्वतःच एक मोठा भूकंप मानला गेला. दोनच दिवसांनी ९ महत्तेचा भूकंप झाला आणि आधीचा धक्का पूर्वधक्का ठरला. पेठ-सुरगाण्यातील धक्क्यांना कोणी ‘मोठ्या भूकंपाची पूर्वसूचना’ म्हणत असेल, तर हे उदाहरण पुढे ठेवावे आणि ‘काहीच होणार नाही’ असे कोणी म्हणत असेल तरीही.

अंतर मोजणे

भूकंपालेख हाताळायचा असेल, तर पी (आधी पोहोचणाऱ्या) आणि एस (मागून येणाऱ्या) तरंगांच्या आगमनातील सेकंद मोजून त्यांना ८ ने गुणावे. काहीशे किलोमीटरपर्यंत अंतराचा कामचलाऊ अंदाज मिळतो. किल्लारी नाशिकपासून सरळ रेषेत सुमारे ३६० किलोमीटरवर, म्हणजे तिथल्या धक्क्याचे दोन तरंग इथे सुमारे ४५ सेकंदांच्या अंतराने पोहोचतील. कोयनेसाठी हेच अंतर सुमारे २९० किलोमीटर आणि ३६ सेकंद. तीन ठिकाणच्या यंत्रांवरून मिळालेली अंतरे त्रिज्या धरून तीन वर्तुळे काढली की ती एका बिंदूत मिळत नाहीत, एक लहान त्रिकोण उरतो. आपल्या मोजमापाची खात्री किती हे त्या त्रिकोणाच्या आकारावरून कळते, तो मुद्दाम लिहून ठेवावा.

गावात जाऊन विचारणे

किल्लारी परिसरात १९९३ च्या आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, धक्के जाणवले होते. गावकऱ्यांनी आवाज ऐकले होते. तरीही त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या सुधारणेत तो सर्वांत खालचा पट्टाच रद्द झाला. जवळपास दहा हजार माणसे गेली, त्यांतील बहुतेक दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरच्या माळवदाच्या भाराखाली. नाशिक जिल्हा २०१६ च्या भारतीय मानकाच्या नकाशात तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, पट्ट्यात आहे. म्हणून यंत्रांच्या जोडीला माणसांची नोंद ठेवणे मी या अभ्यासाचा अविभाज्य भाग मानतो.

धक्क्यानंतर शक्यतो दोन दिवसांच्या आत जावे, कारण त्यानंतर माणसे एकमेकांची आठवण सांगू लागतात. ‘धक्का जोरात होता का?’ असे कधीही विचारू नये. उत्तर ‘हो, फार’ असेच येते. ‘त्या वेळी तुम्ही काय करत होता?’ येथून सुरुवात करावी. मग वस्तूंबद्दल विचारावे: मांडणीवरची भांडी नुसती वाजली की खाली पडली, हंड्यातले पाणी हिंदकळले का, टांगलेला कंदील किंवा पंखा हलला का, झोपलेले माणूस जागे झाले का, गोठ्यातली जनावरे उठली का. आवाज आधी आला की हादरा आधी, हे निराळे विचारावे. भिंतीला तडा असेल तर तो नवा आहे की जुना ते पाहावे. जुन्या तड्याच्या कडा मळकट असतात आणि आत कोळ्याची जाळी सापडतात, नव्याच्या कडा स्वच्छ व धारदार दिसतात. घर मातीचे, विटांचे की सिमेंटचे आणि माणूस कोणत्या मजल्यावर होता, हे नसेल तर नोंद अपुरी समजावी. या उत्तरांवरून प्रत्येक वस्तीला तीव्रतेचा अंक द्यावा आणि नकाशावर मांडावा.

वहीत प्रत्येक वस्तीसाठी एक ओळ ठेवावी: गावाचे व पाड्याचे नाव, धक्क्याची वेळ, ती घड्याळात पाहून सांगितली की अंदाजाने, विचारलेल्या माणसांची संख्या आणि त्यांपैकी किती जणांना जाणवले. माणसांची नावे लिहिण्याची गरज नाही. आणि ज्या पाड्यावर दहा घरी विचारूनही कोणालाच काही जाणवलेले नसेल, तिथली ओळ कोरी सोडून पुढे जाऊ नये. तिथे तारीख, वेळ आणि ‘दहापैकी शून्य’ असे लिहावे, कारण धक्का कुठवर पोहोचला याची सीमारेषा नकाशावर याच शून्यांवरून काढता येते.